बटनच्या कोटाला दोन रांगा

"बटनला मारू या," असं ग्रूबरसाहेब म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात पास्त्रामीचं सँडविच होतं. आमच्या संपादकांची ही जुनी खोड. कुणाच्या जिवावर उठायचं असलं की त्यांना भूक लागायची.

मी समोरच बसले होते. लायल खिडकीला टेकून सिगारेट ओढत होता. तो म्हणाला, "केव्हाच मारायला हवा होता."

म्हणजे बघा, पोरगं माझं, मारायचं माझ्यादेखत, आणि मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

हा बटन कोण ते सांगते. त्या काळी दर महिन्याला देशभरातली पोरं, आणि पोरांच्या नावाखाली त्यांचे बापसुद्धा, 'कॅप्टन ग्रॅनाइट' नावाचं आमचं कॉमिक विकत घ्यायचे. कॅप्टन हा सुपरहिरो. दगडी छाती, दगडी हनुवटी, आणि माझं विचाराल तर डोकंही त्याच मालाचं. बटन हा त्याचा जोडीदार. हॉटेलात लिफ्ट चालवणारा पोरगा, अंगात लिफ्टवाल्यांचा तो लाल कोट, कोटावर पितळी बटनांच्या दोन रांगा. कान जरा बाहेर आलेले. ते कान माझे आहेत. आरशात बघून काढले होते.

कॅप्टन काढायचा लायल हार्टिगन. मुखपृष्ठावर आणि पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट असायची, तिच्यात त्याची ठसठशीत सही. बाकी सगळं मी काढायची. इमारती, मोटारी, चोर, पोलिस, कुत्री आणि बटन. आमच्या धंद्यात तशीच रीत होती. मोठा चित्रकार नायक काढतो, उरलेलं जग मदतनिसाच्या गळ्यात. माझं नाव कुठंच नसायचं. ग्रीनपॉइंटच्या आमच्या वस्तीत आई शेजारणींना अंक उघडून दाखवायची, "हे कुत्रं आमच्या बर्निसचं," आणि शेजारणी म्हणायच्या, "हो का, छान आहे कुत्रं."

"पण का मारायचं?" मी विचारलं.

"खप पडलाय, बर्नी," ग्रूबरसाहेब म्हणाले. "कॉलेजातली पोरं हसतात. एवढा दांडगा गडी आणि सोबत लिफ्टवालं शेंबडं पोर कशाला, म्हणतात. एकदा मारला की महिनाभर रडतील, अंक हातोहात खपेल, आणि मग कॅप्टन मोकळा."

"आणि मी?"

त्यांनी सँडविचकडे पाहिलं. "कॅप्टन एकटा झाला की लायलला मदतनीस कशाला लागेल? तुझ्यासाठी बघू काहीतरी."

हे 'बघू काहीतरी' मला चांगलं ठाऊक होतं. इथं येण्याआधी मी एका मोठ्या दुकानाच्या जाहिरातींसाठी बायकांचे कंबर आवळायचे कॉर्सेट काढायची. नुसते कॉर्सेट, आत बाई नाही. पुन्हा तिकडं जायचं म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखंच.

जोडीदारांचं नशीब मी पुष्कळ पाहिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या कंपनीनं एकाला शिकायला बोर्डिंगात पाठवला तो आजतागायत सुट्टीला आलेला नाही. एकीचं लग्न लावून दिलं. एकाला बर्फात गोठवला आणि पुढचे संपादक विसरूनच गेले, पोरगं अजून बर्फातच आहे. बाकीचे पडले, बुडाले, जळाले. कुणी नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून, कुणी तेही नाही. नायक मात्र एक पानभर रडतो, मूठ आकाशाकडे उगारतो आणि पुढच्या महिन्यात ताजातवाना हजर. मी मनात म्हटलं, बटनचं असं होऊ द्यायचं नाही. कसं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे आधी मुखपृष्ठ आणि मग गोष्ट. जगात सगळीकडे घर बांधून मग दारावर पाटी लावतात, आम्ही पाटी आधी लावायचो. मुखपृष्ठावर जे चित्र आलं तेच आतल्या गोष्टीत घडलं पाहिजे, हा ग्रूबरसाहेबांचा लोखंडी नियम. मुखपृष्ठ छापायला वेगळा कागद, वेगळं यंत्र, ते आधीच छापून तयार असायचं. मग आम्ही गोष्ट त्यात बसवायची.

या मुखपृष्ठासाठी ग्रूबरसाहेबांनी मजकूर सांगितला: 'हे स्वप्न नाही. हे सोंग नाही. या अंकात जोडीदार खरोखर मरतो.' इतकं बजावून सांगावं लागायचं, कारण आम्ही याआधी पोरांना इतक्या वेळा फसवलं होतं की कुणी विश्वासच ठेवत नव्हतं.

चित्र काढायला लायल बसला. मी नेहमीसारखी खुर्ची ओढून शेजारी गेले, तर म्हणाला, "नको. हे मी एकटा काढणार. बटनसुद्धा."

"तू? बटन?"

"टेलिव्हिजनवाल्यांनी बोलावलंय कॅलिफोर्नियाला. कॅप्टनवर मालिका काढतायत. त्यांना हे चित्र दाखवायचंय. पूर्ण माझ्या हातचं हवं. तू याला हात लावायचा नाहीस, कळलं?"

"बरं."

"खरंच लावू नकोस, बर्नी. मी घरी गेल्यावर काहीतरी खुडबुड करतेस, मला माहीत आहे."

करायचीच मी. इतकी वर्षं त्याची कॅप्टनची सहा बोटं पाच करत आले होते, उलटे बूट सुलटे करत आले होते. पण तो म्हणाला हात लावू नकोस, तर नाही लावला.

संध्याकाळी चित्र टेबलावर वाळत ठेवून तो गेला. मी वाकून पाहिलं. खोटं कशाला बोलू, चित्र देखणं होतं. कॅप्टन गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हातांवर बटन, पोराची मान मागं कलंडलेली. आणि मग माझी नजर कोटावर गेली.

बटनांची एकच रांग. गळ्यापासून पोटापर्यंत, सरळ मधोमध, छान चकचकीत. एक.

इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसला. दर महिन्याला बटन त्याच्या कॅप्टनच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आणि याला त्याच्या कोटावर किती रांगा आहेत ते ठाऊक नव्हतं. मला आधी हसू आलं, मग असा संताप आला की हातातली पेन्सिल मोडली. पांढरा रंग, बारीक ब्रश, सगळं हाताशी होतं. दुरुस्त करायला एक सिगारेट संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता.

म्हटलं, पडत्या फळाची आज्ञा. मी कोट चढवला आणि घरी गेले.

मुखपृष्ठ छापखान्यात गेलं, लायल कॅलिफोर्नियाला गेला. जाताना सांगून गेला, "आतली पानं तू सुरू कर. कॅप्टनचे चेहरे रिकामे ठेव, मी आल्यावर भरतो." आणि एका सकाळी छापलेल्या मुखपृष्ठांचे नमुने ऑफिसात आले.

गठ्ठा सोडला गस पानागोसनं. गस म्हणजे आमचा अक्षरकार, पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत संपादकांचं बोलणं सुबक अक्षरांत तो उतरवायचा. त्यानं एक प्रत उचलली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. "बर्नी, हे पोरगं कोण आहे?"

"का? बटन आहे ना."

"आपला बटन? मग कोट कुणाचा घातलाय त्यानं?"

मी प्रत घेतली आणि थेट ग्रूबरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांना दिसायला थोडा वेळ लागला. दिसलं तेव्हा त्यांनी हातातली लोणच्याच्या काकडीची फोड खाली ठेवली, यावरून काय ते समजा.

त्यांची भीती खोटी नव्हती. आमचे वाचक म्हणजे सासूपेक्षा वाईट. मागं एकदा कॅप्टनच्या गालावरचा व्रण चुकून दुसऱ्या गालावर गेला, तर पत्रांची पोती आली. पण त्याच वेळी ग्रूबरसाहेबांनी नियम काढला होता, भिंतीवर लावण्यासारखा: आपल्याकडे चूक होत नसते, गोष्ट होते. त्यांनी पुढच्याच अंकात छापलं की तो कॅप्टन नव्हताच, आरशातून आलेला तोतया होता. पोरं खूश. ज्यांनी व्रण पकडला ती तर अशी मिरवली जणू त्यांनीच तोतया पकडला.

"तू हे आधी पाहिलं होतंस," ते म्हणाले.

"पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लायल म्हणाला हात लावू नकोस."

"हात लावू नकोस म्हणाला. तोंड उघडू नकोस असं नव्हता म्हणाला."

"साहेब, बटनला मारायचं ठरलं तेव्हा माझ्या तोंडाची कुणाला आठवण झाली होती?"

त्यांनी डोळे बारीक केले. "ठीक आहे. मारामारीत एक रांग तुटली. झालं. कोट फाटला, बटनं उडाली."

"फाटला कुठं? बघा की. कोट इस्त्रीतून काढल्यासारखा आहे. आणि उरलेली रांग मधोमध कशी सरकली? चालत गेली?"

"पोरांना नाही कळणार."

"तुम्हाला सांगू का काय होईल ते? ओहायोतलं कुठलं तरी कार्टं पट्टी घेऊन बसेल."

त्यांनी काकडी उचलली, परत ठेवली. नवीन मुखपृष्ठ छापायला वेळ नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मग तुझं म्हणणं काय?"

"चूक होत नसते, गोष्ट होते," मी म्हटलं. "कॅप्टनच्या हातावर जो मेलाय तो बटन नाहीच."

"मुखपृष्ठावर लिहिलंय, सोंग नाही. जोडीदार खरोखर मरतो. मी स्वतः लिहिलंय."

"मग मरेल की. खरोखर मरेल. तुमचा शब्द खाली पडू देणार नाही मी. सोमवारी पानं आणते. नाही पटली तर बटन मारा, आणि मी आपण होऊन कॉर्सेट काढायला जाते."

ते म्हणाले, "सोमवार." आणि मग, मी दाराशी पोचल्यावर, "कॅप्टनचे चेहरे कोण काढणार? लायल तर बुधवारी येतोय."

"मी," म्हटलं.

शनिवार-रविवार मी आईच्या स्वयंपाकघरात टेबल अडवून बसले. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. संपादक तोंडी चार वाक्यं सांगतो, चित्रकार सबंध गोष्ट काढतो, आणि संपादक नंतर फुग्यांत बोलणं भरतो. म्हणजे खरी गोष्ट कोण रचतो ते तुम्हीच ठरवा. आई पिएरोगी, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या करंज्या, लाटत होती आणि पिठाचे हात पुसून पुसून बघायला येत होती. "आज कुत्रं नाही का गं?" "नाही आई, आज माणसं आहेत."

गोष्ट अशी काढली. कॅप्टनचा एक शत्रू आहे, शिंपी. हुबेहूब कपडे शिवून तो कुणालाही कुणीही करतो. त्याला कॅप्टनजवळ आपला माणूस घुसवायचा आहे. तो बटनला पळवतो, तळघरात कोंडतो, आणि रस्त्यावरच्या एका पोराला बटनचा कोट शिवून देतो. पण बटनला पळवायच्या आधीच कोट तयार हवा, आणि शिवायला नमुना हवा. म्हणून शिंपी वार्ताहर होऊन कॅप्टनकडे जातो आणि विचारतो, तुमच्या जोडीदाराचं वर्णन सांगा. आणि कॅप्टन, छाती काढून, सांगतो: लाल कोट, पितळी बटनांची एक रांग.

ते पान काढताना मला इतकं हसू येत होतं की आईनं विचारलं ताप आहे का.

मग तोतया बटन कॅप्टनबरोबर फिरतो, लढतो, छपरांवरून उड्या मारतो. पानांमागून पानं. कॅप्टनला कळत नाही. बघितलं तर कळेल ना. पण त्या रस्त्यावरच्या पोराला आजवर कुणी 'आपण दोघं' म्हटलेलं नसतं, आणि कॅप्टन उठता बसता म्हणतो. शेवटी शिंपी कॅप्टनवर गोळी झाडतो, आणि तो पोरगा मध्ये येतो. त्याला कुणी यायला सांगितलेलं नसतं. तो मरतो, खरोखर मरतो. इथं मात्र मी हसत नव्हते. त्याचा चेहरा काढताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि आईनं माझ्यापुढं चहा ठेवला.

मग मुखपृष्ठाचा प्रसंग. कॅप्टन गुडघ्यावर, दोन्ही हातांवर पोरगा, तोंड आकाशाकडे, 'बटन, बटन' असा टाहो. आणि पुढच्या चौकटीत त्याच्या मागं, दारात, दोर तोडून आलेला, मनगटं सोललेली, कान बाहेर आलेले, माझा बटन. कॅप्टन वळून बघतो. कॅप्टनचा तो चेहरा मी काढला. आधीचे सगळे लायलसारखे होते, हा पहिला माझा कॅप्टन. दगडाचा नव्हता तो. चुकलेल्या माणसाचा होता.

फुग्यासाठी जागा मी मुद्दाम एवढीशी ठेवली की ग्रूबरसाहेबांचं भाषण तिच्यात मावू नये. समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: 'कॅप्टन, माझ्या कोटाला दोन रांगा आहेत.' आणि खालच्या चौकटीत बटन त्या मेलेल्या पोराजवळ बसून विचारतो, 'याचं नाव काय होतं?' कॅप्टनपुढं फुगाच नाही. त्याला माहीत नसतं.

शेवटच्या पानावर बटन त्या पोराच्या कोटाचं एक बटन खिशात टाकतो आणि निघून जातो. एकटा, ताठ, नावं नसलेल्या पोरांना शोधायला. मेलेला नाही, हाकललेला नाही, बोर्डिंगातही नाही. आपल्या पायांनी.

सोमवारी ग्रूबरसाहेबांनी पानं टेबलावर मांडली. सँडविच कागदातून काढलंसुद्धा नाही. शेवटच्या पानापर्यंत गेले, मागं आले, 'दोन रांगा'वर थांबले. मग लाल पेन्सिल उचलली. त्यांनी समासातल्या माझ्या ओळीखाली लिहिलं, 'गस, हे असंच.'

"साहेब?"

"रडवलंस, मेले," ते म्हणाले. "जा आता. मला जेवू दे."

बुधवारी लायल आला. उन्हानं भाजलेला, नवीन चष्मा. सरळ माझ्या टेबलाशी येऊन पानं उचलली. गसचा टाक हवेतच थांबला. लायलला वाटलं असतं तर अजून सगळं पुसता आलं असतं, नाव त्याचं होतं. तो वार्ताहराच्या पानावर आला. मान लाल झाली. पुढं गेला. कॅप्टनच्या त्या चेहऱ्यावर आला आणि तिथंच उभा राहिला.

"तुला दिसलं होतं," तो म्हणाला.

"दिसलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस."

"तू म्हणालास हात लावू नकोस. तुझं मी नेहमीच ऐकते, लायल."

त्यानं टेबलावरचं माझं खोडरबर उचललं. मी उभी राहिले. खरं सांगते, त्यानं ते कागदाला लावलं असतं तर मी त्याच्या हाताला चावले असते. पण तो नुसताच ते बोटांत फिरवत राहिला.

"असा चेहरा मला कधी जमला नाही," तो शेवटी म्हणाला. खोडरबर जागेवर ठेवलं. "राहू दे."

अंक बाजारात आला आणि पेपरवाल्यांकडे संपला. पत्रं अशी आली की पोस्टमननं पोती खालीच टाकली आणि ग्रूबरसाहेबांना ती घेऊन जिना चढायला लावलं. निम्म्या पोरांनी लिहिलं होतं, आम्हाला मुखपृष्ठावरूनच कळलं होतं, तुम्ही काय आम्हाला फसवणार. ओहायोच्या एकानं पट्टीनं मोजलंसुद्धा होतं. आणि पुष्कळांनी विचारलं होतं, आता बटन कुठं जाणार? आम्हाला त्याच्याबरोबर जायचंय.

ग्रूबरसाहेबांनी पत्रं वाचली, भूक लागल्यासारखं पोट चोळलं, आणि या वेळी कुणाला न मारता म्हणाले, "बर्नी, बटनचं वेगळं कॉमिक काढू या. सगळं तूच काढ." वरच्या मजल्यावरचे म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. म्हणू देत. तिखट मी पहिल्यापासून होते, त्यांनी चव आत्ता घेतली.

पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ मी पेन्सिलीनं काढून ठेवलं होतं. मधोमध बटन, छपराच्या काठावर, पाय हवेत. लांब मागं, कबुतराएवढा, कॅप्टन. शाई भरायचं काम बाकी होतं. मी ब्रश धुवायला गेले आणि परत येते तर माझ्या टेबलाशी लायल खुर्ची ओढून बसलेला. बाह्या वर केलेल्या, दौत उघडलेली.

"शाई मी भरतो," तो म्हणाला. "तुझी हरकत नसेल तर."

गस खोकला. मी हरकत नाही म्हटलं.

त्यानं ब्रश बुडवला, कोटापाशी नेला आणि थांबला. "किती रांगा?"

"दोन."

"दोन," तो स्वतःशीच म्हणाला, आणि एकेक पितळी बटन काढू लागला. सावकाश, प्रत्येकावर चकाकीचा ठिपका सोडत. मी बघत उभी राहिले. दोन्ही रांगा झाल्या. मग त्यानं खालच्या कोपऱ्यात सहीची चौकट आखली, नेहमीचीच, ठसठशीत. ब्रश पुन्हा बुडवला आणि माझ्याकडे वर पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे.

"बर्नी, तुझं आडनाव काय गं?"

इतकी वर्षं शेजारी बसून, बघा. पण विचारलं.

"कोवाल्चिक," मी म्हटलं. "बर्निस कोवाल्चिक. मोठ्या अक्षरांत काढ, आमच्या आईला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."